मुंबई–गोवा महामार्ग इलेक्ट्रिक गाडीने: चार्जरपाशी नेमकं काय अडतं?

घाटवाट

गणपती जवळ आले की कोकणात इलेक्ट्रिक गाडी नेण्याबद्दलचे प्रश्न दहा धाग्यांवर विखुरतात. म्हणून हा एकच धागा काढतोय. चार्जर कुठे कुठे आहेत याची यादी इथे नको, ती अ‍ॅपवर मिळते आणि महिन्याभरात जुनी होते. नकाशात न दिसणारं लिहूया. चार्जर उभा आहे, दिवा हिरवा आहे, तरी गाडी चार्ज होत नाही. का होत नाही, आणि तिथे उभं राहून काय करता येतं?

आधी अंतरं, ढोबळ: पनवेल ते महाड सव्वाशे किमी, महाड ते चिपळूण ऐंशीच्या आसपास, चिपळूण ते हातखंबा पंचाहत्तर, हातखंबा ते कणकवली शंभरेक, कणकवली ते बांदा पासष्ट. कशेडीचा बोगदा झाल्यापासून तिथला चढ पूर्वीइतका खात नाही. भोस्ते आणि परशुराम घाट मात्र हिशेबात धरावेच लागतात.

माझा नियम असा: ज्या चार्जरवर थांबायचं तो बंद निघाला, तरी त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत पोचता यायला हवं. ४५ युनिटची बॅटरी असेल तर ताशी ८० च्या वेगाने एका युनिटमध्ये साडेसहा-सात किमी मिळतात, म्हणजे १० टक्क्यांत साधारण ३० किमी. पुढचा पर्याय ४० किमीवर असेल तर पहिल्या चार्जरवर पोचताना २० टक्के हवेत, १० नव्हे. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत महामार्गाच्या दोन्ही बाजूंना दर २५ किमीवर चार्जिंग स्टेशन असावं असं म्हटलं होतं. आपला आराखडा त्या २५ वर बेतू नका. नकाशावरचे दोन ठिपके म्हणजे चालू असलेले दोन चार्जर, असं होत नाही.

सावंतवाडीकर

चांगला धागा. माझ्याकडून फक्त फोनबद्दल.

निघण्यापूर्वी पंपावर किंवा हॉटेलात फोन करून "चार्जर चालू आहे का?" एवढंच विचारू नका. उत्तर नेहमी "हो" येतं, कारण काउंटरवरच्या माणसाने तिकडे पाहिलेलंच नसतं. नेमकं विचारा: स्क्रीन आत्ता पेटलेली आहे का? आज एखादी गाडी चार्ज होऊन गेली का, आणि किती वाजता? दोन्ही गन (गाडीत लावायची केबलची टोकं) चालतात की एकच? चार्जरपुढे ट्रक किंवा बस उभी आहे का? आणि शेवटचं, आज देखभालीसाठी लाइट जाणार आहे का? आठवड्यातला हा वार गावानुसार बदलतो, पण स्थानिकांना तो पाठ असतो.

"आज सकाळी अकराला एक गाडी चार्ज झाली" हे उत्तर अ‍ॅपच्या हिरव्या ठिपक्यापेक्षा जास्त विश्वासाचं.

मिलीअँपिअर

सावंतवाडीकरांशी सहमत. हिरवा ठिपका का फसवतो ते सांगतो.

चार्जर ठरावीक अंतराने सर्व्हरला "मी जिवंत आहे" असा निरोप पाठवतो. लाइट गेली की तो निरोप थांबतो, पण सर्व्हर काही मिनिटं वाट पाहतो आणि तोवर अ‍ॅपवर "उपलब्ध" दिसत राहतं. उलटही होतं. चार्जरमधल्या सिमकार्डला रेंज नसेल तर अ‍ॅप "ऑफलाइन" म्हणतं, पण कार्ड टेकवलं की काही चार्जर सुरू होतात. म्हणून त्या कंपनीचं आरएफआयडी कार्ड जवळ असलं तर घाटातल्या आणि दरीतल्या थांब्यांवर ते अ‍ॅपपेक्षा उपयोगी पडतं. तिसरा प्रकार म्हणजे आतलं पॉवर मॉड्यूल बिघडलेलं असणं. गाडी लावून सेशन (एका वेळचं चार्जिंग) सुरू करेपर्यंत बऱ्याच चार्जरना ते स्वतःलाही कळत नाही.

आणि ग्रामीण भागातला सगळ्यात जास्त चकवणारा दोष: एक फेज जाणं, म्हणजे विजेच्या तीन तारांपैकी एक बंद पडणं. फास्ट चार्जरला तिन्ही फेज लागतात. हॉटेलचे दिवे-पंखे दुसऱ्या फेजवर असतात, त्यामुळे मालक म्हणतो "लाइट आहे की!" आणि चार्जर इनपुटचा दोष दाखवून गप्प बसतो. अशा वेळी गन बदलत बसू नका. मालकाला "तीन फेज आहेत का, डीपीवर फ्यूज उडालाय का?" हे विचारायला सांगा (डीपी म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर). लाइनमन जवळ असला तर डीपीवरचा फ्यूज बसवणं फार वेळाचं काम नसतं. फेज फीडरवरूनच (सबस्टेशनहून येणाऱ्या मुख्य लाइनवरूनच) गेला असेल तर मात्र वाट न पाहता पुढे निघा.

पेणचा_पाव्हणा

चार्जरवर ६० किलोवॅट लिहिलेलं असताना गाडी २८ च्या आसपासच का घेते? दोष गाडीचा की चार्जरचा?

मिलीअँपिअर

@पेणचा_पाव्हणा, बहुतेक वेळा दोष कुणाचाच नसतो. क्रमाने तपासा.

पहिलं, शेजारच्या गनला गाडी लागली आहे का? दोन गनचे ६० चे बहुतेक चार्जर दोन गाड्या आल्या की ३०-३० वाटून देतात. शेजारची गाडी गेल्यावर काही चार्जर आपोआप पूर्ण ताकद देतात. काहींमध्ये सेशन बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं.

दुसरं, गनवरचा किंवा चार्जरच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा वाचा. किलोवॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं बॅटरी पॅक ३०० ते ४०० व्होल्टचं आहे. गन १२५ अँपिअरची आणि पॅक ३५० व्होल्टवर असेल तर जास्तीत जास्त ४४ किलोवॅट मिळतात, पाटीवर ६० असले तरी. २५ किलोवॅटच्या पेटीवर ६० अँपिअर लिहिलं असेल तर हाती २१ च येतात.

तिसरं, गाडीची स्वतःची मर्यादा. २४ युनिटच्या छोट्या गाडीला ६० चा चार्जर मिळाला काय आणि ३० चा मिळाला काय, फरक पडत नाही. अशा गाडीवाल्यांनी ३० ची गन रिकामी असेल तर तीच घ्यावी, मोठी गन मोठ्या पॅकला सोडावी. गर्दीच्या दिवशी यामुळे सगळ्यांचीच रांग लवकर सरकते.

चौथं, तापमान आणि टक्केवारी. मे महिन्यात शंभरच्या वेगाने येऊन लगेच गन लावली की गाडी आधी पॅक थंड करते. ८० टक्क्यांनंतर तर वेग पडतोच. ८० ते १०० ला लागणाऱ्या वेळात पुढच्या थांब्यावर २० ते ६० होऊन जातं.

घाटवाट

याला जोड म्हणून वेळेचा हिशेब. ४५ युनिटचं पॅक २० ते ८० म्हणजे २७ युनिट. ४४ किलोवॅटवर साधारण ४० मिनिटं, २१ वर सव्वा तास, ७.२ च्या एसी (संथ) चार्जरवर चार तास, १५ अँपिअरच्या सॉकेटवर नऊ-दहा तास. २० रुपये युनिट दर धरला तर ५४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ६३७. अ‍ॅपवर दिसणारा दर जीएसटीसकट आहे की वेगळा, ते गन लावण्याआधी पाहा.

पाटीवर "२२ किलोवॅट एसी" वाचून थांबू नका. ते तीन फेज मिळून आहेत. गाडीतला चार्जर ७.२ चा, एका फेजवरचा असेल तर तिथे ७.२ च मिळणार.

देवरुखी

गन लावली, अ‍ॅपवर "सुरू होत आहे" आलं आणि अर्ध्या मिनिटात "अयशस्वी". हे इतक्यांदा विचारलं जातं की एकदाच नीट लिहितो.

गन लावल्यावर गाडी आणि चार्जर आधी बोलून घेतात, मग गन लॉक होते, मग केबलचं इन्सुलेशन तपासलं जातं, मग दोन्हींकडचं व्होल्टेज जुळवलं जातं आणि त्यानंतर करंट सुरू होतो. कुठल्या पायरीवर अडलं ते कळलं तर उपाय सापडतो.

गन लॉकच झाली नाही, किंवा लगेच संपर्क तुटला: सीसीएस-२ ची (आपल्याकडच्या फास्ट चार्जरची) गन आणि केबल जड असते, ती खाली लोंबते आणि वरच्या पिना अर्धवट टेकतात. गन पूर्ण आत ढकला आणि करंट सुरू होईपर्यंत हाताने किंचित वर उचलून धरा. केबलचा ताण गनवर येणार नाही अशी गाडी लावा. उपाय साधा आहे, पण याने बऱ्याच गाड्या सुरू होतात.

लॉक झाली, पण इन्सुलेशनचा दोष आला: पावसाळ्यात हमखास. गनच्या तोंडात पाणी किंवा धुकट ओल असते. गन तोंड खाली करून झटका, कोरड्या कापडाने बाहेरून टिपा, पाच मिनिटं छपराखाली धरा. पिनांत काडी, रुमालाचं टोक, टिश्यू काहीही घालू नका. गाडीकडचं सॉकेटही पाहा, तिथे चिखलाचे शिंतोडे असतात. दुसऱ्या गनवर गाडी व्यवस्थित चालली तर दोष पहिल्या गनचा, तसं हेल्पलाइनला कळवा.

सगळं ठीक, पण चार्जर "फॉल्ट" दाखवतोय: आधी लाल आपत्कालीन बटण पाहा. कुणीतरी दाबून गेलेलं असतं. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की वर येतं. मग चार्जर पुन्हा उभा राहायला दोन ते पाच मिनिटं द्या. बटणापाशी जळका वास किंवा काळा डाग असेल तर मात्र हात लावू नका.

चार्जिंग चालू असताना लाइट गेली तर परत आल्यावर सेशन आपोआप सुरू होईल या भरवशावर जेवायला बसू नका. बहुतेक ठिकाणी गन काढून पुन्हा लावावी लागते.

ओळंबा

गन अडकून बसली तर?

देवरुखी

@ओळंबा, आधी अ‍ॅपवरून किंवा चार्जरच्या स्क्रीनवरून सेशन थांबवा. करंट शून्य झाल्याचं दिसू द्या. मग गाडी चावीने लॉक करून पुन्हा अनलॉक करा, गन थोडी आत दाबा आणि बटण दाबून सरळ ओढा. तिरकी ओढली की लॉकची खीळ आणखी रुतते. तरीही नाही निघाली तर बऱ्याच गाड्यांत हाताने लॉक सोडवण्याची दोरी असते, बॉनेटखाली किंवा डिकीत. तिची जागा गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, निघण्याआधी घरीच शोधून ठेवा. करंट चालू असताना ती दोरी ओढायची नाही.

रात्रपाळी

होमस्टेवाले "गाडी चार्ज करता येईल" म्हणतात, पण पोर्टेबल चार्जर लाल दिवा दाखवतो, अर्थिंग नाही म्हणून. बाजारात एक छोटा प्लग मिळतो, तो लावला की दिवा हिरवा होतो. तो वापरावा का?

मिलीअँपिअर

नाही. कुठल्याही परिस्थितीत नाही.

तो प्लग आतल्या आत अर्थची पिन न्यूट्रलला जोडतो आणि चार्जरला अर्थिंग असल्याचं भासवतो. गावात न्यूट्रल तुटणं किंवा सैल होणं नेहमीचं आहे. न्यूट्रल तुटला की तोच फेज गाडीच्या पत्र्यावर येतो. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दाराला हात लावणारं माणूस त्या विजेच्या वाटेत येतं, आणि कोकणात आठ-दहा तास रात्रभर गाडी लावलेली असताना सकाळी पहिलं कुणी हात लावेल, तर घरातलं लहान मूल. लाल दिवा तुम्हाला वाचवतोय.

@रात्रपाळी, खरा उपाय घराच्या अर्थिंगमध्ये आहे. साधा मल्टिमीटर घेऊन न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजा. दोन-तीन व्होल्ट ठीक. दहा-वीस दिसले तर अर्थिंग कमकुवत आहे किंवा न्यूट्रल सैल आहे. फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असले तरी काही चार्जर लाल दाखवतात, ते वायरमन पाच मिनिटांत सुधारतो.

चिरेबंदी

अर्थिंगवर थोडं सविस्तर, कारण कोकणात हा मातीचा प्रश्न आहे.

जांभा पाणी धरत नाही. जूनमध्ये अर्थिंग छान मोजतं आणि एप्रिलमध्ये तोच खड्डा कोरडा पडून रोध कित्येक पटींनी वाढतो. दोन फूट खणून पट्टी पुरलेली अर्थिंग इथे टिकत नाही. खोल बोअर घेऊन तांब्याचा किंवा जाड गॅल्व्हनाइज्ड इलेक्ट्रोड, भोवती बेंटोनाइटची (ओल धरणाऱ्या मातीची) भर, वर झाकण असलेला चौकोन, आणि उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा त्यात बादलीभर पाणी. रोध ५ ओहमच्या खाली आणायचा प्रयत्न करावा. एका खड्ड्याने येत नसेल तर काही फूट अंतर सोडून दुसरा घ्या आणि दोन्ही जोडा.

होमस्टेवाल्यांनी गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढावी: ४ चौरस मिमी तांब्याची वायर, २० अँपिअरचं एमसीबी (भार वाढला की उडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा स्विच), आणि निळं औद्योगिक १६ अँपिअरचं सॉकेट. घरातलं गिझरचं सॉकेट तासभर १३ अँपिअर सोसतं, दहा तास सोसत नाही. आतली पत्ती तापते, सैल होते, आणखी तापते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून पाहा. धरवत नसेल तर बंद करा. एक्स्टेन्शन बोर्ड तर नकोच.

अजून एक: घराचा मंजूर भार ३ किलोवॅट असेल तर गाडी एकटीच तो खाते. पाहुण्यांचा एसी आणि गिझर चालू असताना गाडी लावली की मेन उडणार. रात्री अकरानंतर लावा. तोवर व्होल्टेजही सुधारतं. संध्याकाळी १९० व्होल्ट असताना १३ अँपिअरवर जेमतेम अडीच किलोवॅट मिळतात, २३० ला तीन. पोर्टेबल चार्जरला ८ किंवा १० अँपिअरचा पर्याय असेल तर जुन्या वायरिंगच्या घरात तोच निवडा.

सावंतवाडीकर

चिरेबंदी, हा प्रतिसाद छापून आमच्या भागातल्या प्रत्येक होमस्टेत लावायला हवा.

घाटवाट

आता घाट. एनएच ४८ ने कोल्हापूरपर्यंत येऊन आंबोलीने उतरणारे बरेच आहेत, म्हणून आंबोलीचंच उदाहरण.

गाडी आणि माणसं मिळून १,९०० किलो धरा. दर १०० मीटर चढाला नुसती उंची मिळवायलाच अर्धं युनिट लागतं. सावंतवाडीहून आंबोली साधारण ६०० मीटर चढ, म्हणजे तीन युनिट, आणि मोटर-गिअरमधली घट धरून साडेतीन. शिवाय ३० किमीचा नेहमीचा खर्च चार युनिट. ४५ च्या पॅकमध्ये १६-१७ टक्के जातात, आणि सपाटीवरच्या सरासरीने अंदाज करणारी स्क्रीन पायथ्याशी ९ टक्के सांगत असते. चढताना "उरलेले किमी" झपाट्याने कोसळतात. टक्के पाहा, किमी नको.

उतरताना मिळतं, पण दिलं तेवढं नाही. तीव्र उतारावर दोन-तीन टक्के वाढतात आणि पुढच्या सपाटीवर जातात. सावंतवाडीत टक्के जवळपास आंबोलीइतकेच राहतात.

यातली जपण्याची गोष्ट: घाटमाथ्यावर १०० टक्के भरून उतरू नका. भरलेलं पॅक रीजन, म्हणजे उतरताना मोटर परत करते ती वीज, घेऊ शकत नाही, गाडीला आवरणारा तो रोध अचानक नाहीसा होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ८५ ला थांबा. पावसात निसरड्या वळणांवर रीजन सगळ्यात जास्त पातळीवर ठेवू नका, पुढची चाकं घसरू शकतात.

पेणचा_पाव्हणा

आणि वेग? समृद्धीवर १२० ची मुभा आहे, तिथे किती फरक पडतो?

घाटवाट

@पेणचा_पाव्हणा, हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला हा रोध दीडपटीच्याही वर, १२० ला सव्वादोन पट. ८० ला सात किमी देणारी गाडी १०० ला साडेपाच-सहावर येते, १२० ला त्याहून बरीच खाली. दोन चार्जरमधलं अंतर जास्त असलेल्या टप्प्यावर वेग ९० ठेवला तर एक थांबा वाचतो, आणि थांब्याचा वेळ वेगाने वाचलेल्या वेळेपेक्षा मोठा असतो.

वळचण

प्रश्न दुसऱ्या बाजूने. संगमेश्वरच्या पुढे भावाचं हॉटेल आहे. ६० किलोवॅटचा चार्जर बसवायचा आहे. सध्याच्या कनेक्शनवर जमेल का?

मिलीअँपिअर

@वळचण, नाही जमणार. ६० किलोवॅट देणारा चार्जर आत ६३ च्या आसपास ओढतो, तीन फेजवर प्रत्येकी साधारण ९० अँपिअर. गावाकडची डीपी अनेकदा ६३ किंवा १०० केव्हीएची असते आणि तिच्यावर आधीच वाडी, पंप, गिरणी असते. स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर लागेल. चार्जिंग स्टेशनसाठी वेगळी वीजदर श्रेणी आहे, कनेक्शन त्याच श्रेणीत आणि वेगळ्या मीटरवर मागा. हॉटेलच्या मीटरवर चार्जर जोडू नका.

अर्ज करण्याआधी कुठल्या फीडरवरून लाइन येणार ते विचारा. शेतीच्या फीडरला तीन फेज ठरावीक तासच असतात. त्यावर चार्जर बसवला तर उरलेल्या वेळेत तो नुसता खांब आहे.

जागा उंचावर निवडा. २०२१ च्या जुलैत महाड आणि चिपळूणमध्ये पाणी कुठवर चढलं होतं ते सगळ्यांना माहीत आहे. नदीपासून लांब असलात तरी चौथरा दोन फूट उचला. वर छप्पर द्या, म्हणजे ऊन येऊन स्क्रीन दिसेनाशी होत नाही आणि गन भिजत नाही. हवेच्या जाळ्या दर महिन्याला साफ करा. रस्त्याच्या कामाची लाल धूळ बसली की पंखे हवा ओढत नाहीत आणि उन्हाळ्यात चार्जर स्वतःहून ताकद कमी करतो.

सुरुवातीला ३० चा एक आणि ७.४ चे दोन एसी बसवून पाहा. जेवायला तासभर थांबणाऱ्या गाडीला ३० पुरतात, मुक्कामाच्या गाडीला ७.४.

वळचण

मनापासून आभार. फीडरचा मुद्दा लक्षातच आला नव्हता. उद्याच सबस्टेशनला जातो.

रात्रपाळी

प्लग परत केला. एक राहिलं: पैसे कापले गेले आणि चार्जिंग झालंच नाही, तर?

सावंतवाडीकर

@रात्रपाळी, जागा सोडण्याआधी तीन फोटो घ्या: चार्जरवरचा क्रमांक, स्क्रीनवरचा दोषाचा कोड, अ‍ॅपमधला सेशन क्रमांक. तक्रारीत हे तीन आणि वेळ लिहिली की रक्कम शोधणं त्यांना सोपं जातं. काही अ‍ॅप सुरुवातीला मोठी रक्कम अडकवून ठेवतात आणि सेशन संपल्यावर उरलेली वॉलेटमध्ये परत टाकतात, ती कापली गेली असं समजू नका. निदान तीन कंपन्यांच्या वॉलेटमध्ये पाचशे-पाचशे रुपये घरून निघतानाच भरून ठेवा. लांजा ते खारेपाटण पट्ट्यात काही थांब्यांवर मोबाइलला रेंज नसते, तिथे पैसे भरता येत नाहीत.

ओळंबा

गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत रांगेचं काय करायचं? नंबर कसा लावायचा?

घाटवाट

@ओळंबा, गाडीच्या काचेत मोबाइल क्रमांक आणि "किती टक्क्यांपर्यंत भरायची" ते मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, म्हणजे मागच्याला थांबायचं की पुढे जायचं ते ठरवता येतं. रांग असेल तर ८० ला गन काढा, पुढचा टप्पा ७० वर होत असेल तर ७० ला. आणि शक्य असेल तर मुंबईहून रात्री न निघता पहाटे चारला निघा. माणगावची कोंडी टळते, आणि महाडला पोचता तेव्हा रात्रभर आलेल्या गाड्या भरून गेलेल्या असतात.